कुलपाआडचं इंग्लंड

मंगलाचा इंग्लंडचा व्हिसा नामंजूर झाला, तोवर तिची ओटी भरून झाली होती, मंडळाची शाल आणि नारळ घेऊन झाला होता आणि तिच्या नवऱ्याचं भाषणही ठोकून झालं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. पण त्यालाही कारण होतं. बहारीनमधल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम महिन्यातून एकदाच, शुक्रवारी. पुढच्या महिन्यावर टाकावं तर विमान आधीच उडणार. एजंट म्हणाला, "इंशाल्ला, होऊन जाईल." या देशात वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्यातला इंशाल्ला किती वजनाचा असतो ते कळायला हवं होतं. दत्तारामाने तो वाऱ्यावर सोडला आणि 'होऊन जाईल' तेवढं खिशात घातलं.

दत्ताराम मूळचा गुहागरकडचा. एका कंपनीची बस चालवायचा. सकाळी ते राहत त्या सनद भागातून माणसं भरायची, हिद्दच्या गोदामांपाशी उतरवायची, संध्याकाळी परत आणायची. माणूस कष्टाळू, बायकोला कधी वाकडा शब्द बोलला नाही, पण अब्रू म्हटली की त्याचं डोकं फिरायचं. "आमची मंडळी लंडनला चाललीय लेकीकडं," हे त्याने बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांना हिंदीतून, आणि ज्यांना हिंदीही कळत नव्हतं त्यांना हातवारे करून.

लंडन हे आपलं म्हणायला. त्यांची लेक श्रेया राहायची ती लंडनबाहेरच्या एका लहानशा गावात. गावाला लागूनच सिनेमाचा एक जगप्रसिद्ध स्टुडिओ होता आणि तिथं ती सेट रंगवायच्या खात्यात कामाला होती. तीन वर्षांत आईला तिचं तोंड प्रत्यक्ष दिसलं नव्हतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

रविवारी पासपोर्ट परत आला. अर्जदार मुदतीत मायदेशी परतेल याची खात्री पटत नाही, असं कारण दिलेलं. मंगला रडली. दत्ताराम रडला नाही. तो खोलीच्या कोपऱ्यात रचलेल्या पुड्यांकडे बघत बसला. आखातातल्या आपल्या माणसांची रीतच आहे, एक निघाला की त्याची बॅग साऱ्या गावाची होते. कुणाच्या भाच्यासाठी चकल्या, कुणाच्या नणंदेसाठी मसाला, कुणाचे खजूर. हे सगळं आता घरोघर परत करायचं, आणि प्रत्येक दारात तेच सांगायचं.

"मी न्हाय जानार सांगायला," तो शेवटी म्हणाला. "अगो, तीन आठवडं तं हायत. घरात गप बसून ऱ्हा. मग आलीस परत म्हनून सांगू. लंडनात कोन येतंय बघायला?"

"आनि मी करू काय दिवसभर?"

"आराम कर. बायकांना कदी गावतो आराम?"

तिने नाही म्हणायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण मंडळाच्या बायकांची तोंडं तिच्याही डोळ्यांसमोर आली, आणि ती पुड्या बॅगेत भरायला लागली.

सोमवारी सकाळी सगळ्या बिल्डिंगच्या देखत बॅग खाली उतरली. वरच्या मजल्यावरच्या लीलाबाईंनी तिच्या तळहातावर दही घातलं. दत्तारामाने उसन्या गाडीतून तिला विमानतळाच्या रस्त्याला लावलं, मग समुद्राकडेच्या एका पार्किंगमध्ये दोघं उन्हात बसून राहिली, आणि दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मंगला काळा अबाया घालून, तोंड झाकून स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरली. नातूर जैनुद्दीनने तिला पाहिलं. बिल्डिंगची राखण करणारा माणूस तो, पण परक्या बाईकडे निरखून बघायचं नाही ही त्याची शिस्त होती. त्याने मान दुसरीकडे केली. दत्तारामाने दाराला बाहेरून कडी ठोकून घेतली होती. रोज कामावर जाताना तो तिला कुलूप घालायचा, म्हणजे दार वाजवायला कुणी येणार नाही. चावी त्याच्या खिशात.

मे महिन्यातलं बहारीन आणि दिवसा एसी बंद, कारण एसीचं पाणी खाली टपकलं की जैनुद्दीनला कळणार. पडदे ओढलेले. मिक्सर नाही, कुकरची शिट्टी नाही, टीव्ही नाही. सुकटीला तर हातच लावायचा नाही. सुकट भाजली की चार घरांना वर्दी जाते. नळसुद्धा बारीक सोडायचा. मंगला मोलकरणीसारखी राबायला तयार होती, उपाशी राहायला तयार होती, पण आपल्याच घरात मांजराच्या पावलांनी फिरायचं हे तिच्या जिवावर आलं. घाम पुसत ती स्वयंपाकघराच्या लादीवर पडून राहायची. वरच्या मजल्यावर लीलाबाईंची पावलं वाजायची. दिवसभरात माणसाची चाहूल म्हणून तेवढीच.

एक मात्र होतं. श्रेयाची जेवणाची सुट्टी झाली की ती फोन हातात धरून आईला गाव दाखवायची. व्हिसाच्या प्रकरणावर लेक संतापली होती, बापाच्या या सोंगावर त्याहून जास्त, पण आईसाठी ती रोज चालायची. मंगला खिडकीखाली लादीवर बसून इंग्लंड बघायची.

पहिल्या दिवशी तळं बघितलं. हिरवट पाणी, बदकं, काठावर एक बाकडं आणि बाकड्यावर कुठल्याशा मेलेल्या बाईचं नाव कोरलेलं. मग दगडी देऊळ, म्हणजे चर्च, आणि त्याच्या अंगणातच थडगी, काही कललेली, काही पार आडवी. विटांच्या बुटक्या भिंती, त्यांवर फुलांचे वेल. लाल टपालपेटी. एक दुकान, त्यातच पोस्ट. रस्त्यावर माणूस नाही.

"अगो बाय, मानसं गेली कुटं?"

"आई, दे आर ॲट वर्क. ऑर इनसाइड."

"आनि पोरंबाळं? कोंबडी?"

"आई, इट्स अ क्वाएट व्हिलेज."

"शांत न्हाय गो ह्ये. सुन्न हाय."

श्रेया हसली. गल्लीच्या टोकाला झाडं संपली आणि मोठमोठ्या राखाडी शेड दिसल्या, थेट हिद्दच्या गोदामांसारख्या. हाच तो स्टुडिओ. आत फोन न्यायची बंदी, म्हणून श्रेयाने नुसतं सांगितलं की आत प्लायवूड आणि प्लास्टरचं दुसरं एक गाव उभं केलंय, घरांना फक्त दर्शनी भिंत, मागं काही नाही. तिचं काम त्या कोऱ्या भिंती रंगवून दोनशे वर्षांच्या जुन्या करायचं.

"म्हंजे नव्या भितीवर शेवाळ रंगवायचा पगार देतात तुला?" मंगलाने विचारलं. कितीतरी दिवसांनी ती हसली, आणि लगेच तोंडावर पदर दाबून घेतला.

हे गाव तिला पाठ करायचं होतं, कारण संध्याकाळी लीलाबाईंचा फोन यायचा.

आता या लीलाबाईंचं सांगायला हवं. त्या अकोल्याच्या. त्यांचे यजमान दशरथ मआमीरकडच्या एका कारखान्यात टेक्निशियन, बहुतेक रात्रपाळीला. शब्दाचे पक्के, वागायला सरळ, पण वाकायचं माहीत नसलेले. त्यांची थोरली मुलगी दीप्ती नर्स. तिचं लग्न थाटात लावलं. वर्षभराने ती एक बॅग घेऊन परत आली, म्हणाली, मला त्या घरात राहायचं नाही. ज्या बापाने तिच्या शिक्षणासाठी जादा पाळ्या केल्या, तोच बाप म्हणाला, "मग इथंही राहू नको." लीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दीप्ती तीच बॅग उचलून जिना उतरली आणि मग तिचा फोन नाही, नंबर नाही. तीन वर्षांनी कुठूनतरी कळलं की ती इंग्लंडात आहे, म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये नोकरीला. आणि गावाचं नाव ऐकलं तर श्रेयाचंच गाव.

श्रेयाला लीलाबाईंनी काही विचारलं नव्हतं. पोरीला मधे घालणं त्यांना पटेना. ओटीच्या दिवशी त्यांनी मंगलाच्या हातात कुरड्या आणि लसणाच्या चटणीची पुडी दिली होती.

"ताई, हे तिच्या हातात देजा. घेतलं त घेतलं, नाई घेतलं त वापस आणजा. पण तिले डोळ्यानं पाहून येजा, अन् मले सांगजा कशी दिसते ते. बाकी मले काई नको."

ती पुडी आता सनदमध्येच, मंगलाच्या कपाटात होती. आणि दत्ताराम एकटा पडला म्हणून लीलाबाई रोज संध्याकाळी त्याच्यासाठी डबा पाठवत होत्या. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा. चूल पेटवायची सोय नसलेली मंगला त्यातलंच खायची. ज्या बाईला फसवतोय तिचंच मीठ, आणि तेही तिच्या पायाखाली बसून.

"भेटली का, ताई?" लीलाबाई रोज विचारायच्या. मंगला तळ्याचं सांगायची, चर्चचं सांगायची. मशिदीतली अजान व्हायच्या आत घाईने फोन ठेवायची. पण असं किती दिवस चालणार? लहानसं गाव, त्यात आठवड्यावर दिवस गेलेले. त्या संध्याकाळी दत्ताराम समोरच बसला होता. त्याने हाताने खूण केली, भेटली म्हण.

"भेटली," मंगला म्हणाली.

पलीकडे लीलाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग, "कशी हाय?"

"बरी हाय. जरा अंगानं भरलीय."

फोन बंद झाला आणि डोक्यावर पावलं धावली. या खोलीतून त्या खोलीत. दुसऱ्या दिवशी डब्यात शिरा आला, बदाम घातलेला. दत्तारामाने खाल्ला. मंगलाने आपली वाटी झाकून ठेवली.

त्याच संध्याकाळी परत लीलाबाईंचा फोन. "ताई, यायनं तिचं नाव घेतलं. तीन वर्सांत पह्यल्यांदा. मले म्हणे, तिनं माह्याबद्दल काई इचारलं का, हे मंगलाताईले इचार. इचारलं असल त मी बोलतो म्हणे तिच्यासंग. नाई इचारलं त हा इषय खलास. ताई, इचारलं का तिनं?"

"उद्या सांगते," एवढं म्हणून मंगलाने फोन ठेवला.

"हो म्हनून टाक," रात्री पडल्यापडल्या दत्ताराम म्हणाला. "मानसाला बरं वाटंल."

"आनि तो बोलाया गेला तं कुनाशी बोलंल? माज्या खोट्याशी?"

दत्तारामाने कूस बदलली. मंगलाला त्या माणसाचा पहिल्यांदाच असा राग आला, की त्याचं घोरणंसुद्धा तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखं कुलूप घातलं आणि तो गेला. मंगलाने श्रेयाला फोन लावला.

"आज तळं नको दाखवू. दीप्तीला दाखव."

"आई, नो! ती मला बस स्टॉपवर हाय-हॅलो म्हणते आणि जाते. शी डझंट वॉन्ट टू टॉक अबाउट होम. आय कांट जस्ट—"

"बाय, मी खोटं बोलून बसलेय. तिच्या आयशीशी. आता तूच मला सोडव."

"बघते," म्हणून श्रेयाने फोन ठेवला. दुपारी फोन आला तेव्हा मागं विटांची एक बसकी इमारत होती आणि दारात चाकाच्या खुर्चीवर एक म्हातारा ऊन खात बसला होता. मग निळ्या अंगरख्यातली एक मुलगी पडद्यावर आली. केस कानाच्या वर कापलेले, गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. अंगाने भरलेली म्हणे! मंगलाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मंगलाकाकू?" दीप्ती म्हणाली. मग ती पडद्याकडे निरखून बघायला लागली. "हे तर आपल्या बिल्डिंगचं किचन आहे. तुम्ही इकडं येणार होतात ना?"

मंगलाने सगळं सांगितलं. व्हिसा, अबाया, कुलूप, डबा, अंगाने भरलीय, सगळं एका दमात. दीप्ती आधी हसली. मग तिने विचारलं, "मी बरी आहे म्हटल्यावर आई काय म्हणाली?"

"काय बोलली न्हाय. वर धावली नुसती. मी खालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी शिरा केलान."

"आणि बाबांनी खरंच माझं नाव घेतलं?"

"घेतलं गो. ते खोटं न्हाय."

दीप्तीने मान फिरवली. "काकू, मी कितीदा नंबर काढून बसते. पण 'इथंही राहू नको' म्हणाले तो आवाज आठवतो, आणि आई तिथं उभी होती ते आठवतं. माझ्याच्याने नाही लावला जात फोन. तुम्ही आत्ता वर जाल का? तुम्ही समोर असलात तर मी बोलेन. पण आत्ता. एकदा आत ड्यूटीवर गेले की परत माझी हिंमत नाही व्हायची."

श्रेयाने लीलाबाईंना त्याच कॉलमध्ये घ्यायचा प्रयत्न केला. रिंग जाईना. दुपारी दशरथ झोपलेले असत, तेव्हा लीलाबाई फोन बंदच ठेवत.

"थांब, जाते," म्हणत मंगला उठली, दारापाशी गेली, कडी ओढली. दार इंचभर हललं आणि बाहेरचं कुलूप खडखडलं.

इतक्या दिवसांत ते कुलूप तिला जड वाटलं होतं, लाजिरवाणं वाटलं होतं. पण आपण खरोखर कोंडलेलो आहोत, घराला आग लागली तरी बाहेर पडता येणार नाही, हे तिच्या डोक्यात आत्ता शिरलं. फोनमध्ये ती पोरगी वाट बघत होती. वरच्या मजल्यावर तिची आई होती. मधे एक स्लॅब आणि दत्तारामाची अब्रू.

मंगलाने बत्ता उचलला आणि दारावर घातला.

"लीलाबाई! ओ लीलाबाई!"

इतके दिवस कुजबुजून तिचा आवाज गंजला होता. पहिली हाक घशातच फाटली. दुसरी मोकळी निघाली. तिसरीला जिन्यात धावपळ झाली. पहिला आला जैनुद्दीन.

"कौन है अंदर?"

"मैं हूँ, मंगला!"

"मैडम?" जैनुद्दीनचा आवाज चिरकला. "आप तो लंडन में हो!"

"लंडन मफी, नहीं गई! उपर से लीलाबाई को बुलाव, यल्ला, जल्दी!"

बोलवायची गरजच नव्हती. बत्त्याचा आवाज स्लॅबमधून वर गेला होता. चपलांचा आवाज जिना उतरत आला आणि दारापाशी थांबला.

"कोण हाय? ताई?"

"मीच. मी गेलेच न्हाय, लीलाबाई. भेटले म्हनून सांगितलं ते खोटं. पन आता दीप्ती फोनवर हाय, खरी दीप्ती. आदी तिच्याशी बोला. मग माजं काय करायचं ते करा."

दाराखाली बोटभर फट होती. तिथं कोंबलेलं पायपुसणं तिने ओढून काढलं आणि फोन लादीवर ठेवून पलीकडे सरकवला. अर्ध्यात तो अडला. मग कुणीतरी पलीकडून ओढून घेतला.

"आई," फोनमधून आवाज आला.

लीलाबाईंच्या तोंडून नुसताच हुंदका निघाला. आणि मग, "काहून गं इतकी वाळली तू? ताई त म्हणे भरली!"

आत मंगला दाराला पाठ लावून खाली बसली.

बोलणं जिन्याने वर गेलं. फोनही गेला. आता मंगलाजवळ लेक नव्हती, तळं नव्हतं, काही नव्हतं. बाहेर जैनुद्दीन एकेका भाडेकरूला हकीकत सांगत होता; जिन्यात दारं उघडत होती, कुणीतरी खुदकन हसलं. मंगलाने लक्ष दिलं नाही. ती छताकडे कान लावून बसली. लीलाबाईंची पावलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आणि दुसरी पावलं, जड, झोपेतून उठलेल्या माणसाची. ती पावलं लीलाबाईंच्या पावलांपाशी येऊन थांबली.

संध्याकाळी दत्ताराम आला तेव्हा त्याला खालीच सगळं कळलं होतं. त्याने कुलूप काढलं, पटकन आत शिरून दार लोटलं.

"काय केलंस ह्ये? कुटं दाखवू तोंड मी?"

"तुमचं तोंड तुमी बघा," मंगला म्हणाली. "बाजूला व्हा. मला जिना चढायचाय."

तिने कपाटातली कुरड्यांची पुडी घेतली आणि घरातल्या गाऊनवरच, विस्कटल्या केसांनी ती बाहेर पडली. जिन्यात दोघंतिघं उभी होती. त्यांनी वाट दिली.

दार दशरथांनी उघडलं. त्यांच्या हातात तिचाच फोन होता, दोन्ही हातांत धरलेला. डोळे सुजलेले. 

"ड्यूटी संपली की परत फोन करते म्हणाली," ते म्हणाले. "श्रेयाच्या फोनवरून, याच नंबरवर. तिचा नंबर तिनं दिला नाही. मी मागितलाही नाही. कोणत्या तोंडानं मागणार? तोवर हा आमच्याकडे राहू द्याल का?"

"राहू द्या," मंगला म्हणाली.

दशरथांच्या मागं, आतल्या दारात लीलाबाई उभ्या होत्या.

"खोटं बोलल्या तुमी माह्यासंग," त्या म्हणाल्या. "माह्या पायाखाली बसून. मी शिरा केला होता."

"हो," मंगला म्हणाली. तिने पुडी उंबऱ्याच्या आत ठेवली.

लीलाबाईंनी पुडीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. खालून दत्ताराम दबक्या आवाजात हाका मारत होता, "अगो, खाली ये, लोकं बघतायत." मंगला गेली नाही. एवढ्यात दशरथांच्या हातातला फोन वाजला. ते दचकले, त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि मग स्वतःच उचलला. "हां, बेटा," ते म्हणाले आणि फोन कानाला लावून आत वळले. लीलाबाई त्यांच्या मागोमाग गेल्या.

आत या, असं मंगलाला कुणी म्हणालं नाही. दारही कुणी लावलं नाही. ती तिथंच बाहेर पायरीवर बसून राहिली.